तिसऱ्या चकतीची खंडेनवमी

सेलू,
५ ऑक्टोबर १९९१

गोदाकाठ सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेचे चिटणीस, रुई-सरकी-मंडलाचे द्वारपाल, टाचणी-डिंक-शाई-भांडाराचे एकमेव कुलूपधर, संगणक नामक यंत्रराजाचे अनिच्छुक संरक्षक, तथा चहा गार झाल्याची वार्ता सर्वप्रथम देणारे अधिकृत प्रवक्ते, वालूरग्रामोद्भव रंगनाथ बन्सीधर यांजकडून, पुण्यपत्तननिवासी, यंत्रकर्मकुशल, पत्रलेखनमंद व मातृभेटविमुख भाचेसाहेब भुजंग यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू टपालाने धाडलेल्या पाच फ्लॉप्या यथास्थित पोहोचल्या. यापुढे आम्ही त्यांस चकत्या म्हणू, कारण 'फ्लॉपी' हा शब्द उच्चारताना आमची कवळी आपली प्रतिष्ठा सोडते.

तुझ्या चिठ्ठीचा भावार्थ आम्हांस असा लागला : यंत्राला झोपेतून उठवून बाकीच्या कार्यक्रमांना कामाला जुंपणारा जो मूळ कारभारी, तो आता वृद्ध झाला असून त्याच्या जागी नवा बसवावयाचा आहे. नवा कारभारी स्वतः अंग चोरून बसतो. त्यामुळे तू रचलेल्या मराठी पावत्यांच्या कार्यक्रमास ऐसपैस जागा मिळेल आणि शेतकऱ्याचे नाव मध्येच तुटणार नाही. हे फळ आम्हांस मान्य आहे. मात्र त्यासाठी पाचही चकत्या चढविण्याचे प्रयोजन मान्य नाही. जुन्या कारभाऱ्याच्या आज्ञा आम्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर संध्येप्रमाणे मुखोद्गत केल्या आहेत. आम्हांस नव्याची फक्त अंग चोरण्याची विद्या हवी, त्याचा स्वभाव नको. तस्मात् दुसरी व चौथी चकती चढवावी आणि उर्वरित तिन्ही कपाटात सुखाने नांदू द्याव्यात, असा आमचा मानस आहे. यंत्रास तसे सुचविले असता ते म्हणते, सर्व घ्या अथवा चालते व्हा. अरे, पंगतीतला अतिआग्रही वाढपीसुद्धा भात नको म्हटल्यावर निदान वरण घेऊन येतो. हे तर पूर्ण ताट नको असल्यास पाटावरूनच उठवते!

हा विषय केवळ विनोदाचा नाही. यंत्रावर बसणाऱ्या सुमनबाई तुला ठाऊक आहेत. गेल्या हंगामात त्यांच्या यजमानांचा उजवा हात जिनाच्या रुळात गेला, तेव्हा संस्थेने उपकाराच्या थाटात ही नोकरी बाईंना दिली. चेअरमन लिंबाजीरावांच्या डोळ्यांत ती तेव्हापासून खुपते. त्यांचे साडू, अक्षर वळणदार असल्याच्या एकमेव गुणावर, हाताने पावत्या लिहावयास कंबर कसून बसले आहेत. परवा लिंबाजीरावांनी आमच्या टेबलावर मूठ आपटली व म्हणाले, "चिटनीस, पाडव्याला काट्यावर पहिली गाडी येईल. मशिनीतून धड नावाची पावती निघली तर बाई राहील. न्हाई निघली तर मशीन खोक्यात अन् बाई घरी. लय झालं कौतुक."

तरी उलट टपाली निर्णय कळवावा.

ता. क. कचेरीतील एकमेव टेबलपंखा, यंत्रास उष्मा होतो म्हणून, तू त्याच्याकडे तोंड करून ठेवलास. यंत्र शीतल आहे. आम्ही नाही.

रंगनाथ

•

पुणे,
१० ऑक्टोबर १९९१

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या पदव्या वाचून होईपर्यंत माझा डबा गार झाला. ती वार्ता प्रथम तुम्हालाच कळवतो आहे.

दुसरी आणि चौथी एवढ्याच चढणार नाहीत. तुम्ही जिनिंगचे चिटणीस आहात, तेव्हा जिनाचंच उदाहरण घ्या. जुन्या सुरीसमोर नवा रूळ बसवला तर काय होतं? फट जुळत नाही, सरकी फुटते आणि तिचा चुरा रुईत येतो. रूळ चांगला, सुरी चांगली, माल भिकार. इथेही तेच. दुसऱ्या फ्लॉपीतल्या आज्ञा पहिल्या फ्लॉपीतल्या कारभाऱ्याला ओळखतात. जुना कारभारी दिसला की "तू कोण?" असं विचारतात आणि आडव्या पडतात.

गंमत म्हणजे आमच्या हापिसात सध्या हाच वाद पेटला आहे. आमचा दवाखान्यांसाठीचा एक कार्यक्रम आहे. त्याची नवी आवृत्ती चढवणारं साधन मी लिहितो आहे. साहेब म्हणतात, गिऱ्हाईकाला निवड द्या, त्याला हवं तेवढं तो घेईल. मी म्हणतो, निवड दिली की गिऱ्हाईक निवडतं, आणि मग रविवारी मला शोधत येतं. मी 'सगळं किंवा काहीच नाही' या पक्षाचा आहे, आणि पक्ष बदलणार नाही.

तेव्हा मामा, एका बैठकीत पाचही, क्रमाने, न थांबता. सुरुवातीला यंत्र एक कोरी फ्लॉपी मागेल. तिच्यावर ते जुन्या कारभाऱ्याला जसाच्या तसा बांधून ठेवतं. पुढे काही बिघडलंच तर तीच परतीची वाट. ती जिवापाड जपा.

सुमनबाईंना सांगा, काळजी करू नका. आईला सांगा, दिवाळीला सुट्टी मिळेलसं दिसत नाही. (तिला हळू सांगा.)

तुमचा,
भुजंग

•

सेलू,
२१ ऑक्टोबर १९९१

पंखाविषयमौनी भुजंग यास आशीर्वाद.

दसरा उलटला. आपट्याची पाने वाटून झाली. आता वृत्तांत.

तुझ्या आज्ञेस शिरोधार्य मानून आम्ही पाचही चकत्या चढविण्याचा संकल्प सोडला. पहिली चढली. दुसरी चढली. तिसरी चढत असता अपरिहार्य धार्मिक कारणास्तव अल्प विराम घ्यावा लागला. विरामानंतर तीच चकती पुनश्च घातली असता तिने अकस्मात मौनव्रत धारण केले. कारण अज्ञात. हवामान दमट होते, असे आमचे मत आहे.

यंत्राचा त्रिशंकू झाला. जुना कारभारी गेलेला, नवा उंबरठ्यावर उभा. अशा प्रसंगी अन्य कोणी कपाळास हात लाविला असता. आम्ही बाह्या सरसावल्या. तिसऱ्या चकतीने जे जे दिले नाही, ते ते यंत्रात मागे राहिलेल्या जुन्या कारभाऱ्याच्या सामानातून काढून स्वहस्ते ज्याच्या त्याच्या जागी बसविले. आणि यंत्र उठले की रे! पडद्यावर नव्याचे नाव झळकले. सुमनबाईंनी नाव, गाव, वजन घातले, तेही त्याने आदरपूर्वक स्वीकारले. केवळ 'छाप' म्हटल्यावर ते 'आवृत्ती चुकीची' एवढे इंग्रजीत उच्चारून जागच्या जागी थिजते. छापणे हेच त्याचे एकमेव काम असल्याने ही उणीव किंचित जाणवते.

तथापि तत्त्वतः विजय आमचाच आहे. अर्धेमुर्धे चालत नाही, हा तुझा सिद्धांत आपल्या परंपरेस अमान्य आहे. गणपती पाहा. जुन्या धडावर नवे मस्तक बसविले, तेही हत्तीचे, आणि आज त्याच्याविना कोणत्याही कार्यास आरंभ होत नाही. नरसिंह पाहा. अर्धा नर, अर्धा सिंह, पण खांबातून निघाल्यावर त्यास कोणी 'आवृत्ती चुकीची' म्हटल्याचे ऐकिवात नाही. शिवाय शास्त्रकारांनी अर्धकुक्कुटी न्याय सांगून ठेविला आहे : एका गृहस्थाने म्हणे ठरविले की कोंबडीचा अर्धा भाग शिजवून खावा आणि उरलेल्या अर्ध्या भागाने अंडी घालीत राहावे. हा न्याय तुझ्या बाजूचा आहे, हे आम्हांस लिहून झाल्यावर लक्षात आले. परंतु शाईने लिहिलेले आम्ही खोडीत नाही.

पंख्याचा प्रश्न आम्ही आमच्याच तत्त्वाने सोडविला. त्याची मान अर्धी वळविली. अर्धा वारा यंत्रास, अर्धा आम्हांस. टेबलाच्या टोकाशी आल्याने तो डगमगत होता, त्यासही योग्य तो आधार दिला.

तुझ्या मातोश्री नर्मदाताईस यंत्र बिघडल्याचे कळताच तिने वालूरला शेजारीपाजारी साखर वाटली. आता भुजंगाला दिवाळीस यावेच लागेल, असे ती म्हणते.

सुमनबाई रोज येऊन यंत्रावरचे आच्छादन काढतात, 'छाप' म्हणतात, आणि पुन्हा आच्छादन घालतात. तेवढे पाहवत नाही. सत्वर उपाय लिही.

रंगनाथ

•

पुणे,
२५ ऑक्टोबर १९९१

ती. मामांस नमस्कार.

गणपतीला मस्तक बसवणारे शंकर होते, जिनिंगचे चिटणीस नव्हते.

फ्लॉपी मौनव्रत धरत नाही. उन्हात ठेवली होती? जवळ लोहचुंबक होतं? चहा सांडला? आणि 'अपरिहार्य धार्मिक कारण' म्हणजे नेमकं काय? परवापर्यंत मला वाटत होतं की बिघाड यंत्राचा आहे. आईने साखर वाटली हे वाचल्यापासून वाटायला लागलंय की बहीण-भावांनी मिळून हा बेत रचला आहे. तसं असेल तर बेत नामी आहे, पण भरडल्या जातायत सुमनबाई.

आता जे लिहितो ते दोनदा वाचा. मी दुसरा कोरा करकरीत संच पाठवला तरी तो तुमच्या या नरसिंहावर चढणार नाही. चढवणारं साधन आधी खाली कोण बसलंय ते बघतं. खाली अर्धा माणूस, अर्धा सिंह दिसला की तेही आडवं पडणार. म्हणजे वर जाण्याआधी एकदा पूर्ण खाली यायला हवं, जुन्या कारभाऱ्यापर्यंत. आणि खाली यायची वाट एकाच फ्लॉपीवर आहे. जी जिवापाड जपा म्हणालो होतो, ती.

ती कुठे आहे? या एका प्रश्नाचं उत्तर विनासमास मराठीत द्या.

भुजंग

•

सेलू,
ता. २८ ऑक्टोबर

भुजंगभाऊस सुमनबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मामाला आलं. त्यांनी दोनदा वाचलं अन् कोटाच्या खिशात घातलं. मला म्हनले, भुजंगाला संस्कृत झेपत न्हाई. मी म्हनलं, उत्तर धाडा. ते म्हनले, चिंतन चालू हाय. पाडवा जवळ आला म्हनून मीच लिहायलेय. मामाला हे पत्र म्हाईत न्हाई.

झालं असं. खंडेनवमीच्या दिशी सकाळी मामांनी मशीन लावली. पहिली चढली, दुसरी चढली, तिसरी चालू व्हती. तेवढ्यात चेअरमन साहेब पूजेला आले. भटजीची यष्टी ताडकळसलाच बंद पडली व्हती, म्हनून पूजा मामांनीच सांगायचं ठरलं. मी म्हनलं, मामा, उलीसं थांबा, तिसरी चाललीय. ते म्हनले, "सुमनबाई, आज आयुधं इश्रांती घेतात. सुताराचा वाकस थांबला, आपलं जिन थांबलं, हे मशीन काय जावई हाय का?" अन् बटन बंद केलं.

पाट मांडला. पाटावर पाना, हातोडा, काट्याची वजनं अन् मधी पाची फ्लॉप्या. बाकीच्या चार पाकिटात व्हत्या. तिसरी मशिनीतून काढलेली, उघडीच. मामांनी मंतर म्हनत म्हनत तिच्या मधल्या भोकावरच कुंकू वाहिलं, तिथं बरुबर बसतंय म्हनून. वरून नारळाचं पानी. मंग उपरन्यानं पुसली. पुसल्यानं आजूनच आत गेलं. दुसऱ्या दिशी दसऱ्याचं सोनं बी तिच्यावरच ठिवलं. म्या बी हात जोडले व्हते, तर माझी बी चूक हाय.

आता तुमी इचारलेली परतीची फ्लॉपी. ती मामांनी पाटावर ठिवली न्हाई, म्हनले ही आयुध न्हाई, ही माघार हाय. म्हनून ती वाचली. पन पंखा लय हालायलाय म्हनून तीच त्यांनी पंख्याच्या पायाखाली सारली. एका कोपऱ्यावर पाय हाय. मी काढाय गेले तर पंखा पडायलाय. म्हनून तशीच ठिवली.

घरी आमच्या मालकाला म्या कायी सांगितलं न्हाई. ते आता डाव्या हातानं भाकर मोडाय शिकायलेत. पावती निघली न्हाई तर मला परत सरकीच्या ढिगावर जाया लाज न्हाई, पन लेकराच्या शाळेचं अन् त्यांच्या दवाखान्याचं कसं व्हावं ते तुमीच सांगा.

मामावर राग धरू नका. मानूस वंगाळ न्हाई, निस्तं बोलनं लय हाय. माझ्या पायी त्यांनी चेअरमन साहेबाशी दोनदा भांडन केलंय. ते बी संस्कृतातच केलं, म्हनून साहेबाला कळलं न्हाई.

सुमनबाई

•

पुणे,
३१ ऑक्टोबर १९९१

ती. मामांस नमस्कार.

मी सोमवारी, धनत्रयोदशीच्या सुमारास पोहोचतो. नवा संच सोबत आणतो. आईला कळवा, साखर उरली असेल तर ठेवायला सांगा.

तोवर तीन सूचना. पंखा लावू नका. पंखा हलवू नका. पंख्याखाली काय आहे हे कुणालाही दाखवू नका. हे मला कसं कळलं, ते विचारायचं नाही. 'हवामान दमट होते' हे मी गपचूप गिळलं, तसं तुम्हीही हे गिळा.

एक कबूल करतो. तुमच्यावर तीन दिवस चिडून होतो, मग माझंच दवाखान्यांसाठीचं साधन उघडून बघितलं. त्यात मी धरून चाललो होतो की माणूस एकदा बसला की काम संपेपर्यंत उठणारच नाही. असा माणूस मी आजवर एकही पाहिलेला नाही. वीज जाते. पाहुणे येतात. खंडेनवमी येते. अर्धंच हवं म्हणणाऱ्याला अर्धं द्यायचं नाही, यावर मी अजून ठाम आहे. तुमची कोंबडी माझ्याच बाजूची आहे, आणि ती शाईत आहे. पण अर्ध्यात थांबलेल्याला तिथेच टांगून ठेवायचा अधिकार साधनाला कुणी दिला? पुढच्या वेळी यंत्र उठलं की साधनाने स्वतःहून ओळखावं, की याचं राहिलंय. मग उरलेलं पुरं करावं, नाहीतर पूर्ण मागे न्यावं. मध्ये नांदू देऊ नये.

हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, खंडेनवमी आपल्या नियमांत कुठे बसते? मी म्हटलं, परभणी जिल्ह्यात.

भुजंग

•

सेलू,
११ नोव्हेंबर १९९१

गोदाकाठ संस्थेचे चिटणीस, इत्यादी इत्यादी (शेष पदव्या पूर्ववत; एकही जप्त झालेली नाही) रंगनाथ बन्सीधर यांजकडून भुजंग यास आशीर्वाद.

लक्ष्मीपूजन आटोपून तू दुसऱ्या सकाळच्या गाडीने गेलास आणि पाडव्याच्या प्रसंगास मुकलास. एकादशी करून पारणे चुकविणाऱ्यांत तुझी गणना करावी लागेल. तू पंख्याखालची चकती दोन बोटांनी, श्वास रोखून, साप धरावा तशी काढलीस, तीवरून यंत्रास पूर्ण मागे नेलेस, आणि मग पाचही नव्या चकत्या एका दमात चढविल्यास. त्या अवधीत आम्हांस खोलीबाहेर बसविलेस, हा अपमान आम्ही नोंदविला आहे. तथापि पाडव्याचा खरा प्रसंग तुझ्या विद्येने निभावला नाही. तो आमच्या विद्येने निभावला. ऐक.

प्रातःकाळी काट्यावर पहिली गाडी आली ती वालूरच्या सटवाजीची. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा, सर्व सिद्ध. चेअरमन लिंबाजीराव साडूंसह आले. साडूंनी खिशास नवे पेन लाविले होते. सुमनबाईंनी सटवाजीचे नाव घातले, वजन घातले, आणि बोट 'छाप'वर नेले. तोच लिंबाजीराव गरजले, "थांबा! मुहूर्ताचं काम हाय. आधी मशिनीची पूजा. चिटनीस, या पुढं."

आणि त्यांनी कुंकवाचे तबक व फोडलेला नारळ आमच्या हाती दिला.

भुजंगा, त्या क्षणी सुमनबाईंनी आमच्याकडे जे पाहिले, ते वर्णन करण्यास आमचे संस्कृत अपुरे आहे. आम्ही तबकाकडे पाहिले. यंत्राच्या मुखाकडे पाहिले. ते मुख उघडेच होते, बेट्याचे. मग आम्ही तबक दोन्ही हातांनी साडूंच्या हाती सुपूर्द केले व घोषणा केली की विद्युन्मय दैवतांस शास्त्राने केवळ मानसपूजा विहित केली आहे.

"म्हंजी कशी?" लिंबाजीराव.

"म्हणजे डोळे मिटून."

"अन् कुंकू?"

"तेही मनातल्या मनात. दोन्ही हात पाठीमागे बांधून. जो हात पुढे करील, त्याच्या कापसास बोंडअळी लागते."

हे वचन कोणत्या ग्रंथातले, हे विचारण्याइतका त्या मंडळींचा कापूस स्वस्त नव्हता. सर्वांनी डोळे मिटले, हात मागे नेले. साडूंचे हात तबकात गुंतलेले असल्याने ते सर्वाधिक निरुपद्रवी ठरले. आम्ही उच्च स्वरात जे आठवेल ते म्हटले. त्यात मंगलाष्टकांचाही काही भाग आला असावा. मध्येच छपाईयंत्राचा करकर ध्वनी सुरू झाला. आम्ही आवाज चढविला. ध्वनी थांबला, तेव्हा आम्हीही थांबलो.

सुमनबाईंनी पावती फाडून सटवाजीस दिली. त्यास वाचता येते, पण सावकाश. तो एकेका अक्षरावर बोट ठेवीत गेला, बोट कागदाच्या कडेपर्यंत पोहोचले, आणि तो ओरडला, "आवं, मी अख्खा निघालो की! आडनावासकट! गेल्या साली निस्ता सटवाच व्हतो!"

लिंबाजीरावांनी पावती उलटसुलट पाहिली. कोठे दोष सापडेना. मग साडूंकडे न पाहता म्हणाले, "राहू द्या बाईला. अन् यांला काट्यावर धाडा, वजन वरडायला." इतके बोलून ते चहास गेले. साडूंचे नवे पेन त्याच दिवशी आम्ही भांडारात जमा करून घेतले.

सुमनबाईंचे यजमान फाटकाबाहेर उभे होते. आत यावे की नाही, हे त्यांचे ठरत नव्हते. बाईंनी आतून मान डोलावली. त्यांनी डावा हात कपाळास लावून आम्हांस नमस्कार केला. आम्ही त्या वेळी चष्मा पुसण्यात व्यग्र होतो.

आता वादाविषयी. तुझा पक्ष आम्ही अर्धा मान्य करतो. उरलेला अर्धा चढविण्यास आमच्या ठायी जागा नाही. जुन्या आज्ञांपैकी दोन नव्या कारभाऱ्यासही कळतात, असे सुमनबाईंनी आम्हांस दाखविले. त्या दोन आम्ही दिवसातून अनेकदा विनाकारण देतो.

परंतु एका विषयात तू आमची घोर वंचना केली आहेस. परतीची चकती तू कपाटात बंदिस्त करविलीस व किल्ली सुमनबाईंच्या हाती दिलीस. परिणामी पंख्याचा पाय पुन्हा निराधार झाला. आम्ही पुठ्ठा घातला, तो जाड. पोस्टकार्ड घातले, ते पातळ. तुझे ३१ तारखेचे पत्र चौघडी करून घातले, ते तंतोतंत बसले. पण ताईने ते, तू येतोस असे त्यात लिहिले आहे म्हणून, वालूरला नेले व परत देत नाही. ती कुंकुमार्चित तिसरी चकती आता जगाच्या कोणत्याही उपयोगाची उरली नसल्याने तीच घालावी म्हटले, तर सुमनबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "मामा, ती पूजेतली हाय. पायाखाली घालू नये. पंख्याच्या बी."



तरी एक कोरी, निरुपयोगी व मुख्य म्हणजे अपूजित चकती तत्काळ धाडावी. हे अक्षर वेडेवाकडे आले आहे, ते वयामुळे नव्हे. पंखा टेबल हलवतो आहे.

रंगनाथ